आधी भिंत, मग रंग: बेळगाव-खानापूर भागात घरची खोली स्वतः रंगवताना

आपल्याकडे रंगाची आठवण होते ती श्रावणात. गणपती तोंडावर आलेले असतात, मखर कुठं बसवायचं ते ठरलेलं असतं, आणि मग त्यामागची भिंत डोळ्यांत खुपायला लागते. चार दिवसांत रंग मारून मोकळं व्हायची घाई होते. पण बेळगावच्या पश्चिमेला, खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडे, जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की भिंत आतून वाळतच नाही. अशा भिंतीवर चढवलेला रंग दिवाळीला चांगला दिसला तरी पुढच्या आषाढात पोपडे धरतो. मग रंगाच्या नावानं बोटं मोडली जातात. खरं तर भिंतीला वाळायला वेळच मिळालेला नसतो.

एखादी खोली पहिल्यांदाच स्वतः रंगवायला घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. रंग लावणं हा यातला सगळ्यांत सोपा आणि छोटा भाग आहे. एका खोलीला आठवडा लागणार असेल तर त्यातले पाच दिवस भिंतीच्या तयारीचे धरा.

कधी काढायचं काम

फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. भिंत कोरडी असते, पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) वेळेत वाळते, रंगाच्या दोन हातांमधलं, म्हणजे थरांमधलं, अंतर कमी ठेवता येतं. दुसरी संधी परतीचा पाऊस संपल्यावर, पण तेव्हा निदान दोन-तीन आठवडे कडक ऊन मिळू द्या. निपाणी, चिकोडी, अथणीकडे पाऊस कमी, तिथं हे गणित थोडं सैल करता येतं. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात अजिबात नाही.

कौलारू घर असेल तर आधी शाकारणी, मग रंग. कौलं काढून परत बसवताना वर्षाची धूळ, उंदरांनी ओढून नेलेला कचरा, कोळिष्टकं, सगळं भिंतीवरून खाली येतं. स्लॅबचं घर असेल तर वळवाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर छताखाली उभं राहून नीट बघा. कुठं गळतं ते तेव्हाच कळतं. गच्चीची दुरुस्ती बाकी ठेवून आतून छत रंगवणं म्हणजे पैसे पाण्यात.

नव्या बांधकामाचा गिलावा असेल तर थांबावंच लागतं. पाणी मारून झाल्यावरसुद्धा सिमेंट गिलाव्यातली ओल बाहेर पडायला वेळ लागतो आणि तोवर त्याचा क्षार रंगाला खातो. तीन महिने थांबता आले तर उत्तम. वास्तुशांतीची तारीख जवळ असेल तर तेवढ्यापुरता चुन्याचा किंवा प्रायमरचा (रंगाखाली द्यायच्या थराचा) एक हात द्या आणि खरा रंग उन्हाळ्यात काढा.

भिंतीला ओल आहे का

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतचा गिलावा फुगला असेल, हात लावल्यावर पीठ गळत असेल, पांढरा लोणा (भिंतीतून वर आलेला क्षार) दिसत असेल, तर ओल खालून चढते आहे. जांभ्या दगडाच्या जुन्या घरांत हे फार दिसतं, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि जुन्या पायांत ओल अडवणारा थर बहुधा नसतो. एकाच बाजूच्या भिंतीवर मधोमध डाग असेल तर तिच्या मागे न्हाणीघर आहे का, बाहेरून पागोळ्यांचं पाणी आपटतं का, ते बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत ओल असेल तर सज्जाचा किंवा चौकटीच्या फटीचा संशय घ्या.

नुसत्या डोळ्यांनी कळत नसेल तर एक साधी चाचणी आहे. हात-दीड हात लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट, हवा जाणार नाही असा लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. काढताना प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतं आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. खिडक्या उघड्या ठेवून चार दिवस पंखा चालवला की भागतं.

ओल भिंतीतून असेल तर आधी ती जिथून येते तिथं काम करा. पागोळ्यांना पन्हळ लावा, भिंतीच्या बाहेरची माती चढली असेल तर खाली ओढा, न्हाणीच्या फरशांच्या सांधी भरा. आतून वॉटरप्रूफ रंगाचा थर देऊन ओल दाबता येते असं दुकानात सांगतील. पाणी मागून येतच असेल तर ते तो थर घेऊनच बाहेर पडतं. इथले जुने रंगारी गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हेच ऐकवतात: "आधी भिंत वाळू दे बगा, मग रंगाचं बोलू."

लोणा काढताना पाणी लावू नका. पाण्यात क्षार विरघळतो आणि परत भिंतीत जिरतो. कोरड्या ताठ ब्रशनं घासा, खाली पडलेली पावडर झाडून बाहेर टाका, आठवड्यानं पुन्हा घासा. काळी बुरशी असेल तर मात्र ओलंच काम. एक भाग ब्लीचिंगचं द्रावण, तीन भाग पाणी, हातमोजे घालून स्पंजनं लावा, दहा-पंधरा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

हिशेब आणि सामान

समजा खोली १० बाय १२ फुटांची, उंची १० फूट. चार भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी वजा केली की साधारण ४०० उरतात. छत १२० चौरस फूट. इंटीरियर इमल्शनचा (आतल्या भिंतींच्या पाण्यातल्या रंगाचा) एक लिटर दोन हात धरून १०० ते १२० चौरस फुटांना पुरेल असं धरा. म्हणजे भिंतींना चार लिटरचा डबा, छताला एक लिटर जेमतेम. डब्यावर छापलेला आकडा याहून मोठा असतो, पण तो गुळगुळीत, प्रायमर दिलेल्या भिंतीचा असतो. आपल्या भिंती तेवढ्या सरळ नसतात.

रंग एकाच वेळी आणा. यंत्रावर मिसळलेली छटा दुसऱ्या दिवशी थोडी इकडची तिकडे होऊ शकते. एकाच छटेचे दोन डबे असतील तर मोठ्या बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करा, नाहीतर भिंतीच्या मध्यावर जोड दिसतो.

बाकी सामान: खरवडायला चार इंची पत्रा, पुट्टीसाठी रुंद लवचीक पत्रा, वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर (घासायचे खरखरीत कागद), दोन इंची आणि चार इंची ब्रश, नऊ इंची मध्यम लवेचा रोलर, तो बसेल असा लांब दांडा, रंगाचा ट्रे, मास्किंग टेप, जुन्या चादरी, मास्क, चष्मा. घोडा (वर चढून काम करायची दुपायी शिडी) शेजाऱ्याकडून मिळाला तर बघा, नाहीतर भाड्यानं आणा. टेबलावर खुर्ची ठेवून छताला हात घालू नका. ब्रश मात्र चांगला घ्या. स्वस्त ब्रशचे केस रंगात चिकटतात आणि ते वेचण्यात सगळी दुपार जाते.

खोली मोकळी करणं आणि जुना रंग

कपाट हलत नसेल तर निदान मधोमध ओढून चादरीखाली झाका. स्विचबोर्डाच्या प्लेटा आणि पंखा काढायचा असेल तर मेन स्विच बंद करून. खिळे उपसा. वडगाव-शहापूरच्या विणकर गल्ल्यांत जिथं घरातच माग चालतो, तिथं काम करताना माग बंद ठेवा आणि आदल्या दिवशी छतापासून खाली सगळं झाडून घ्या. हवेत तरंगणारे सुताचे बारीक तंतू ओल्या रंगावर बसले की काढता येत नाहीत.

आता भिंत ओळखायची. तळवा दाबून भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर वर चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे, आणि ते सगळं खरवडून काढावं लागेल. भिंतीवर पाणी शिंपडून पाच मिनिटं थांबलात की पत्रा सहज चालतो. पूड लागत नसेल तर चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबून एका झटक्यात ओढा. रंग सुटून आला तर खरवडा. नाही आला तर जुन्या इमल्शनचा थर पक्का आहे, तो उगाच उखडू नका. साबणाच्या पाण्यानं धुवा, पॉलिश पेपरनं हलकं घासा, खड्डे भरा आणि रंगाला लागा. अशा भिंतीवर सगळीकडे नव्यानं पुट्टी चढवायला सांगणारे भेटतील, पण गरज नसताना वाढवलेला प्रत्येक थर पुढं सुटायला एक जागा करतो.

जुन्या घरांत खाली तीन-चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा असतो. त्याच्या चकाकीवर पाण्याचा रंग धरत नाही, म्हणून ती चकाकी घासून घालवावी लागते. इथं थोडं सांभाळून. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून असा पट्टा कोरडा घासू नका. पाणी लावून ओला घासा, मास्क घाला, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत दुसऱ्या घरी असू द्या, आणि खरवडलेलं सगळं पिशवीत बांधून टाका. अंगणात झाडू नका.

चुलीच्या खोलीतली काजळी हा वेगळा विषय. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवून घ्या. त्यानंतरही पिवळट डाग राहिलेच तर तेवढ्या जागेवर तेलातला प्रायमर लावा. पाण्यातला रंग काजळी ओली करतो आणि ती तिसऱ्या दिवशी वर येते. स्लॅब गळून पडलेल्या तपकिरी डागांनाही हाच उपाय, अर्थात गळती बंद झाल्यावर.

भेगा

बोटाच्या सांध्यानं भिंत वाजवत जा. जिथं पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपासून सुटलेला असतो. तो काढून नवा गिलावाच करावा लागतो, पुट्टीनं भागत नाही.

केसाएवढ्या बारीक भेगा पत्र्याच्या टोकानं थोड्या रुंद करा, धूळ ब्रशनं काढा, मग भरा. न उघडता वरून पुट्टी ओढली तर ती आत जात नाही. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यातली किंवा दाराच्या चौकटीकडची भेग हलती असते, तिथं पुट्टी नको, लवचीक क्रॅक फिलर भरा.

बेळगावच्या पश्चिमेला तांबडी जांभ्याची जमीन, पूर्वेकडे गेलं की काळी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर उथळ पायानं बांधलेलं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग दर उन्हाळ्यात उघडत असेल तर ते रंगाचं काम नाही. भेगेवर पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा, काही महिने बघा, वाढत असेल तर इंजिनियरला दाखवा.

पुट्टी

दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. व्हाइट सिमेंटची पुट्टी पावडरीत येते, पाण्यात कालवायची, आणि ती उघड्या सिमेंट गिलाव्यावरच धरते. जुन्या रंगावर लावली की सालासारखी निघते. ॲक्रिलिक पुट्टी तयार लगद्यात मिळते. ती प्रायमरच्या हातावर बसते, फक्त कोरड्या आतल्या भिंतींसाठी. नवी किंवा पूर्ण खरवडलेली भिंत असेल तर सिमेंटची घ्या. जुना रंग पक्का आहे आणि खड्डेच भरायचे आहेत तर ॲक्रिलिक.

सिमेंट पुट्टी लावायच्या आधी भिंतीवर पाणी मारा आणि वरचं पाणी जिरू द्या. कोरडी भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते आणि मग पुट्टी पीठ होऊन सुटते. एक किलो पावडरीला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी. पाण्यात पावडर थोडी थोडी सोडत दहा मिनिटं ढवळा. गुठळी राहता कामा नये. पत्र्यावर घेतल्यावर श्रीखंडाएवढी घट्ट राहायला हवी, वाहायला लागली तर पातळ झाली. दोन-तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालू नका. ती मऊ होते, पण तिची पकड गेलेली असते.

पत्रा भिंतीशी तिरका धरून खालून वर ओढा. पहिला हात खड्डे आणि छिद्रं भरण्यासाठी. तो वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, दुसरा हात आडवा. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. मोठा खोलगटपणा पुट्टीनं भरून काढायचा मोह होतो, तिथं गिलावा किंवा जाड थरासाठीच येणारी वेगळी पुट्टी वापरा.

वाळल्यावर संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, उजेड भिंतीवरून सरपटत जाईल असा धरा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीवर पत्र्याचा प्रत्येक काठ सावली टाकताना दिसेल. त्या जागी पेन्सिलीनं खूण करा आणि सकाळी तेवढंच घासा: सुरुवातीला १८० नंबरचा कागद, शेवटी ३२० चा, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली चर पडतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढं सगळी खोली कशी दिसणार ते इथंच ठरतं. घासून झाल्यावर भिंत झाडा, किंचित ओल्या फडक्यानं पुसा.

प्रायमर

पाण्यातला वॉल प्रायमर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून, एक हात. पुट्टी रंग पिऊन टाकते, प्रायमरनं ते थांबतं आणि रंगाला पकड मिळते. पीओपी किंवा जिप्समच्या छतालाही तो लागतोच. वाळला की पुन्हा एकदा टॉर्च फिरवा, कारण राहिलेली छिद्रं प्रायमरनंतर जास्त स्पष्ट दिसतात. ती भरा, घासा, त्या जागांवर प्रायमरचा ठिपका द्या.

छत आधी, भिंती नंतर

छतावरून शिंतोडे खाली येतात, म्हणून क्रम वरून खाली: छत, भिंती, मग दारं-खिडक्या. नव्या स्लॅबला, तो ओतताना खाली धरलेल्या फळ्यांना लावलेलं तेल चिकटलेलं असू शकतं. ते साबणानं धुतल्याशिवाय तिथं काहीच धरत नाही. छताला मॅट पांढरा घ्या, चकाकणारा रंग स्लॅबचा प्रत्येक उंचवटा दाखवतो.

दोन इंची ब्रशनं आधी कडेनं दोन-तीन इंचांची पट्टी मारा, पण चारही बाजूंची एकदम नको. एका बाजूची मारा आणि ती ओली असतानाच रोलर भिडवा. वाळलेल्या पट्टीवर रोलर गेला की जोड दिसतो. रोलर रंगात बुडवून ट्रेच्या उतारावर निथळवा, हातभर जागेत तिरका फिरवून रंग पसरा आणि मग सरळ ओढून सारखा करा. छताचा शेवटचा हात खिडकीकडून येणाऱ्या उजेडाच्या दिशेनं ओढा. रोलर दाबू नका. दाबला की कडेनं रेघा उठतात.

भिंतीवरही हेच, फक्त वरून खाली आणि तीन-तीन फुटांच्या पट्ट्यांत. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत नेऊनच चहाला उठा. लावताना खिडक्या उघड्या पण पंखा बंद, नाहीतर कड लवकर वाळते. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. पातळ रंग पुरतो खूप, झाकत नाही, आणि शेवटी तिसरा हात द्यावा लागतो.

दोन हातांमध्ये चार ते सहा तास, हवा दमट असेल तर रात्रभर. पहिला हात ठिगळांसारखा दिसतो, घाबरू नका, अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रशही लावू नका. मे महिन्यात रस्त्याची तांबडी धूळ आत येते, म्हणून सकाळी अंगणात पाणी मारून मग काम सुरू करा. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच तिरका ओढून काढा.

मातीच्या भिंती

खानापूरच्या खेड्यांत मातीच्या गिलाव्याची घरं अजून आहेत. त्यांना वरचं काहीच लागू करू नका. सिमेंट पुट्टी आणि इमल्शनचा बंद थर मातीतली वाफ अडवतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत मातीसकट सुटून येतो. या भिंतींना चुनाच योग्य. भाजलेला चुना घेतला तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, कारण तो उकळून अंगावर उडतो. रात्रभर मुरवा, फडक्यातून गाळा, थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत ओलसर करून पातळ तीन हात द्या. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो, म्हणून जाड लावायची घाई नको. चष्मा घालाच. चुन्याचा थेंब डोळ्यांत गेला तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

शेवटची आवराआवर

ब्रश आणि रोलर रंग वाळायच्या आत पाण्यानं धुवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नका, परड्यात बाजूला खड्डा करून ओता. उरलेला रंग छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि त्यावर छटेचा नंबर, कंपनी, खोली आणि तारीख लिहा. पुढं खिळ्याचा एखादा खड्डा बुजवताना तोच लागतो. सामान भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा म्हणजे मागं हवा खेळेल, आणि तीन-चार आठवडे नवी भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका.